मेणाची मुंडकी बघायला सहा पेन्स जादा : चेंबर ऑफ हॉरर्स आणि आपली घाबरून घ्यायची हौस

उंबरठा

मादाम तुसाँचं मेणपुतळ्यांचं संग्रहालय म्हटलं की आपल्या लोकांना अमिताभ, सचिन, शाहरुख आठवतात. लंडनला मेरिलबोन रोडवर त्याच छपराखाली 'चेंबर ऑफ हॉरर्स' नावाचं दालन आहे. खुनी, फासावर गेलेले, गिलोटिनखाली मुंडकी उडालेले. २०१६ मध्ये ते बंद केलं होतं, २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. भाच्याला घेऊन गेलो होतो. आत शिरताना तो माझ्या पुढे होता, बाहेर पडताना माझ्या शर्टाला धरून. आणि बाहेर आल्याबरोबर पहिलं वाक्य काय, तर "पुन्हा आत जाऊ या?"

त्यानंतर या जागेबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. इतिहास इतका भारी आहे की आधी तोच सांगतो.

मारी ग्रोसहोल्त्झ, म्हणजेच पुढची मादाम तुसाँ, जन्म १७६१, स्ट्रासबुर्ग. तिची आई फिलिप कुर्टियुस नावाच्या डॉक्टरकडे घरकाम करायची. हा डॉक्टर शरीररचना शिकवण्यासाठी मेणाचे अवयव बनवायचा. त्यातून माणसांचे चेहरे करायला लागला आणि पॅरिसला जाऊन त्याने सरळ प्रदर्शनच थाटलं. एकीकडे जेवायला बसलेलं राजघराणं आणि दुसरीकडे 'बड्या चोरांची गुहा', म्हणजे शिक्षा झालेल्या गुन्हेगारांचे पुतळे. राजा आणि खुनी ही जोडी पहिल्यापासूनच आहे. मारी त्याच्याच हाताखाली मेणकाम शिकली.

मग फ्रेंच राज्यक्रांती. १२ जुलै १७८९ रोजी, बास्तीयचा तुरुंग पडायच्या दोन दिवस आधी, जमावाने कुर्टियुसकडून अर्थमंत्री नेकर आणि राजाचा भाऊबंद ओर्लेआँचा ड्यूक यांचे मेणाचे अर्धपुतळे नेले आणि शहरातून मिरवले. थोड्याच दिवसांत त्याच शहरात खरी मुंडकी भाल्यांवर फिरायला लागली. मारीच्या आठवणी १८३८ मध्ये छापल्या गेल्या. त्यात ती सांगते की राजा सोळावा लुई, राणी मारी आंत्वानेत, क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर यांच्या तोडलेल्या मस्तकांवरून तिने साचे घेतले, आणि मारा या दुसऱ्या पुढाऱ्याचा स्नानाच्या टबात खून झाला तेव्हा तिला तिथे बोलावून नेलं होतं.

कुर्टियुस १७९४ मध्ये गेला, सगळा संग्रह तिच्या नावे करून. १८०२ मध्ये पुतळे आणि थोरला मुलगा बरोबर घेऊन ती इंग्लंडला आली. भागीदार कोण, तर फिलिप्सताल नावाचा भुतांचा खेळ करणारा माणूस. काळोख्या थिएटरात पडद्यामागून जादूच्या कंदिलाने भुतं सोडायचा. ती अंगावर धावून आल्यासारखी मोठी होत जायची, बायाबापड्या किंचाळायच्या. मारीच्या कमाईतला अर्धा वाटा त्याचा. त्याच्यापासून सुटका करून घेऊन बाईने तीसेक वर्षं गावोगाव पुतळे फिरवले आणि १८३५ मध्ये बेकर स्ट्रीटला बस्तान बसवलं.

तिथे प्रवेश एक शिलिंग. मुंडकी आणि खुनी मात्र 'वेगळ्या खोलीत', त्याचे सहा पेन्स जादा. 'पंच' साप्ताहिकाने १८४० च्या दशकात थट्टेने 'चेंबर ऑफ हॉरर्स' हे नाव लावलं, बाईने ते उचललं आणि पाटी लावली, असं सांगतात. टिंगलीची जाहिरात करून घेणं याला म्हणतात.

आता माझा मुद्दा. त्या जादा सहा पेन्समध्ये लोक नेमकं काय विकत घेत होते? भीती फुकटच होती की! तेव्हाचं लंडन म्हणजे कॉलरा, धूर आणि न्यूगेट तुरुंगाबाहेर भरगर्दीत दिल्या जाणाऱ्या फाशा. माझं म्हणणं असं की आपण पैसे भीतीचे देत नाही, बाहेर पडायचं दार कुठे आहे हे माहीत असण्याचे देतो. भीती तीच, पण मुदतबंद. तुम्हाला काय वाटतं?

चिकूवाडी

+१ दाराला.

आमच्या गावच्या जत्रेतल्या भूतबंगल्यात सांगाड्याचं काम करणारा पोऱ्या दुपारी आमच्याच ओट्यावर पाणी प्यायला यायचा, तोच काळा वेष, वर हाडं रंगवलेली. रात्री तोच अंगावर आला की आम्ही तेवढंच किंचाळायचो. म्हणजे फसवणूक माहीत असूनही भीती चालते, हे आधी कुणीतरी समजावून सांगा.

सुरंगी

लेख आवडला, पण तिकीट काढून घाबरायला लंडन कशाला गाठायला हवं? शिमग्यात आमच्या रत्नागिरीकडे या.

पालखी, नमन-खेळे यांच्याबरोबर संकासुर असतो. काळा पायघोळ वेष, तोंडावर काळा मुखवटा, पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरं. घुंगरं वाजली की पोरं माजघरात पळायची. आणि गंमत म्हणजे तीच पोरं दोन मिनिटांनी अंगणात येऊन लांबूनच त्याला चिडवायची, कधी तो पाठलाग करतो याची वाट बघत. त्याने नाही केला तर हिरमोड! मी स्वतः पडवीच्या खांबाआड उभी राहून चिडवलेलं आहे आणि मग आजीच्या पदरात तोंड लपवलेलं आहे. आजी त्याच वेळी त्याच्या हातावर शिधा ठेवायची आणि "यंदा पाय बरा आहे ना रे?" असं विचारायची. ज्याला मी राक्षस समजत होते त्याची ती गुडघेदुखीची चौकशी करत होती.

उंबरठा, तुमचं दार म्हणजे माझ्या मते माणूस. दालनातून बाहेर पडायचं दार तुमच्या भाच्याला कुठे दिसत होतं? त्याला तुमचा शर्ट दिसत होता.

उंबरठा

सुरंगी, शर्टाचं मान्य. अगदी मान्य.

डॉ_अडुळसा

या विषयावर गेल्या काही वर्षांत व्यवस्थित संशोधन झालंय, तेही प्रयोगशाळेच्या खुर्चीत बसवून नव्हे. डेन्मार्कमध्ये आर्हुस विद्यापीठात यासाठी वेगळा गटच आहे. करमणूक म्हणून घेतलेली भीती हा त्यांचा विषय. त्यांनी वायले गावातल्या एका भुताटकीच्या घरात ११० लोकांना छातीला हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र बांधून पाठवलं, आत कॅमेरे लावले आणि बाहेर आल्यावर किती भ्यालात, किती मजा आली ते विचारलं. निबंध २०२० चा.

निष्कर्ष असा की भीती वाढते तशी मजा वाढते, एका टप्प्यापर्यंत. त्यापुढे भीती वाढली की मजा उतरते. आलेख काढला तर उलट्या 'यू'सारखा. ठोक्यांतही तेच दिसलं. नेहमीच्या लयीपासून थोडी हलकी, छोटी विचलनं झाली तर मजा जास्त, फार मोठी झाली तर कमी.

म्हणून दाराचा मुद्दा मला अर्धाच पटतो. दार सगळ्यांनाच माहीत होतं, तरी काहींना मजा आली आणि काहींना नाही. सुरक्षितता हवीच, पण नुसती सुरक्षितता हवी असती तर लोक घरी बसले असते. थोडासा अंदाज चुकावा लागतो. पुढच्या वळणावर काहीतरी आहे हे माहीत, कधी येणार हे माहीत नाही. चिकूवाडी, तुमच्या पोऱ्याचं उत्तर यातच असावं. तो कोण हे माहीत होतं, तो कुठल्या कोपऱ्यात हे नाही.

दुसरं, पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मिरची आवडीने खाणाऱ्या लोकांचा अभ्यास केला होता, मेक्सिकोत. जीभ सांगते आग लागली, मेंदूला ठाऊक असतं की काही बिघडत नाही, आणि या दोहोंच्या भांडणात सुख मिळतं. याला तो निरुपद्रवी आत्मपीडा म्हणतो. लसणाचा ठेचा खाऊन नाक पुसत "अजून एक भाकरी वाढ" म्हणणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

वैशाखवणवा

सगळे गृहीत का धरताय की सगळ्यांना घाबरायला आवडतं? मला अजिबात नाही. कॉलेजच्या ग्रुपबरोबर भयपटाला जायचो तेव्हा पॉपकॉर्नच्या डब्यात बघत बसायचो. ग्रुप सोडवत नव्हता म्हणून जायचो, एवढंच.

डॉ_अडुळसा

वैशाखवणवा, तुमच्यासारख्यांचीही नोंद आहे. त्याच डॅनिश गटाने आधीच्या एका अभ्यासात २८० जणांना विचारलं होतं. काही जण भीती वाढावी म्हणून धडपडतात, अंधारात बघतात, प्रसंगात स्वतःला झोकून देतात. काही जण ती आवरायला बघतात, मित्राचा हात धरतात, नजर वळवतात, "हे खोटं आहे" असं स्वतःला बजावत राहतात. मौज अशी की शेवटी समाधान दोन्ही गटांना साधारण सारखंच मिळालं. एकाला भीतीची धार हवी असते, दुसऱ्याला आपण निभावलं याचा आनंद. पॉपकॉर्नचा डबा हे तंत्र झालं तुमचं.

वैशाखवणवा

समाधान वगैरे काही मिळालं नाही हो. पॉपकॉर्न संपले.

जुनी_वही

थोडं आपल्या बाजूने. डॉक्टरांचे डॅनिश लोक ज्या प्रश्नाशी झगडतायत तो आपल्याकडे हजारएक वर्षांपूर्वी काश्मिरात फार बारकाईने चर्चिला गेला आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस, म्हणजे कलेतून चाखायच्या भावना, त्यातला एक भयानक. स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय, वर्ण काळा, देवता काल. प्रश्न उघड आहे. भय ही तर दुःखद गोष्ट, मग तिचा आस्वाद कसा? नाट्यशास्त्रावर टीका लिहिणारा काश्मिरी पंडित अभिनवगुप्त हे समजावताना उदाहरण कुठलं घेतो बघा. राक्षस नाही, स्मशान नाही. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातलं हरीण. दुष्यंताचा रथ मागे लागलाय, हरीण मान वळवून वळवून मागे बघतं, अंग आक्रसून घेतं, धापेने उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडत जातात.

अभिनवगुप्ताचं म्हणणं थोडक्यात असं की हे ऐकताना रसिकाच्या मनात जी भीती उमटते ती "मी भ्यालो" अशी नसते आणि "ते हरीण भ्यालं, माझं काय जातं" अशीही नसते. ती कुणाचीच नसते. अमुक काळ, अमुक जागा, अमुक माणूस ही बंधनं तिच्यावरून गळून पडतात आणि नुसती भीती उरते, जणू थेट हृदयात शिरणारी, डोळ्यांपुढे नाचणारी. खऱ्या आयुष्यातल्या भीतीला लगेच काहीतरी करावं लागतं, पळा, लपा, मारा. या भीतीला काहीच करावं लागत नाही, म्हणून तिची चव घेता येते.

रसाच्या आड येणारी विघ्नंही त्याने मोजली आहेत, सात. त्यातलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात अडकलेला असणं. त्या दालनात सेल्फी काढणाऱ्यांचा विचार केला तर अभिनवगुप्ताने आठवं विघ्न लिहिलं असतं.

(अवांतर : भय हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीच्या पात्रांचं, असं भरतमुनी म्हणून ठेवतात. त्यावर सुरंगीताईंनी वेगळा धागा काढावा.)

सुरंगी

काढते. मुनींना आधी संकासुरासमोर उभं करते.

चिकूवाडी

जुनी_वही, तुमचे प्रतिसाद वाचायलाच मी इथे येतो. पण एक शंका. हरणाच्या बाबतीत 'कुणाचीच नसलेली भीती' ठीक आहे. चेंबर ऑफ हॉरर्समधला माणूस मात्र कुणीतरी आहे. त्याला नाव आहे, तारीख आहे, गल्लीचा पत्ता आहे. लोक तर त्यासाठीच जातात ना, 'हे खरंच घडलंय' म्हणून?

जुनी_वही

चांगली शंका. माझ्यापाशी तयार उत्तर नाही. तिथे रसापेक्षा कुतूहल जास्त असावं. अपघात झाला की गाड्या हळू होतात, ती जात वेगळी.

रात्रपाळी

बरीच वर्षं अतिदक्षता विभागात नर्स आहे. एरवी नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं.

खऱ्या भीतीला आकार नसतो. भूताच्या सिनेमात संगीत चढतं, दार करकरतं, मग काय ते होतं आणि सुटका. वॉर्डात नातेवाईक बाहेरच्या बाकावर नऊ-नऊ तास बसतात आणि त्यातले आठ तास काहीच होत नाही. फॉर्मवर सही, औषधाची चिठ्ठी, चहा, कुणाचा तरी फोन, "अजून काही सांगितलं नाही." भीती आणि कंटाळा एकत्र. त्याला शेवटही नीट नसतो. मी ड्युटीवर असताना घाबरत नाही, तेवढा वेळच नसतो. घरी येते आणि मग मोबाइलवर भुताच्या गोष्टी ऐकत झोपते. नवऱ्याला कळत नाही, दिवसभर (म्हणजे रात्रभर) मरण बघून आलेल्या बाईला हे कसं काय आवडतं. मला वाटतं कुणीतरी नीट बांधलेली भीती ऐकायला बरं वाटतं. सुरुवात आहे, मध्य आहे, आणि तास संपला की गोष्ट संपते.

उंबरठा 'मुदतबंद' म्हणाले, तो शब्द मला पटला. दाराचं माहीत नाही.

डॉ_अडुळसा

रात्रपाळी, फार नेमकं लिहिलंत. कोविडच्या पहिल्या लाटेत अमेरिकेत ३१० जणांची पाहणी झाली होती. ज्यांना भयपट आवडत होते त्यांना मानसिक त्रास तुलनेने कमी जाणवत होता, असं त्यात दिसलं. यावरून भयपट बघा आणि खंबीर व्हा असा सल्ला काढायचा नाही, कारण मुळात घट्ट मनाची माणसंच भयपटाकडे वळत असतील. पण सराव म्हणून याचा काही उपयोग होत असेल ही कल्पना सोडून द्यावी अशीही नाही.

भटका_मंग्या

मेणाचं चाललंय तोवर ठीक. मी खऱ्यावर येतो.

बँकॉकला चाओ फ्राया नदीच्या काठी सिरिराज हॉस्पिटल आहे, तिथलं वैद्यकीय संग्रहालय. आपले बरेच पर्यटक जाऊन येतात, यूट्यूबवर 'जगातलं सगळ्यात भीतीदायक म्युझियम' छाप मराठी-हिंदी व्हिडिओही आहेत. मुळात ते विद्यार्थ्यांसाठी. बरण्यांत गर्भ, गोळी लागलेल्या कवट्या, अपघातातले अवयव. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांतही असं दालन असतंच, फक्त तिथे तिकीट नसतं.

तिथे कित्येक वर्षं एका काचेच्या कपाटात सी क्वे नावाच्या माणसाचं वाळवलेलं प्रेत उभं केलेलं होतं. चीनमधून आलेला गरीब स्थलांतरित. मुलांना मारून त्यांचं काळीज खातो असा आरोप, १९५९ मध्ये गोळ्या घालून मृत्युदंड. कपाटावर नरभक्षक अशी पाटी. थायलंडमध्ये दोन-तीन पिढ्यांच्या आयांनी मुलांना "अंधार पडायच्या आत घरी ये, नाहीतर सी क्वे येऊन काळीज खाईल" असं सांगून वाढवलं. आपला बागुलबुवा, फक्त यांचा बागुलबुवा हॉस्पिटलात जाऊन बघता यायचा.

मग लोक विचारायला लागले की पुरावा काय होता? त्या माणसाला थाई भाषा धड येत नव्हती. कबुली कशी घेतली? तो ज्या गावात राहायचा तिथल्या लोकांनी, इतरांनी मागणी लावून धरली. २०१९ मध्ये आधी पाटी गेली, मग प्रेत हललं, आणि जुलै २०२० मध्ये नोंथाबुरीच्या एका विहारात रीतसर दहन झालं. मेल्यावर जवळजवळ एकसष्ट वर्षांनी.

मी ते कपाट बघितलेलं आहे, प्रेत होतं तेव्हा. अंगावर काटा आला होता, मित्रांना रंगवून सांगितलंही होतं. दहनाची बातमी वाचली त्या दिवशी त्या काट्याचं काय करायचं कळेना. तेव्हा उंबरठा, तुमचं दार मान्य, पण ते बघणाऱ्याला. कपाटात उभा केलेल्याला कुठलं दार?

चिकूवाडी

बाप रे. हे माहीत नव्हतं.

उंबरठा

मंग्या, हे वाचून थोडा वेळ लॅपटॉप बंद केला.

तुसाँबाईचं आणि याचं नातं जवळचं आहे. १८४९ मध्ये लंडनला मॅनिंग नवरा-बायकोला खुनाबद्दल फाशी झाली तेव्हा हजारोंची गर्दी लोटली होती. लगोलग त्यांचे पुतळे चेंबरमध्ये हजर. खुन्यांचे कपडे, सामानसुमान विकत घ्यायचीही प्रथा पडली. पॅरिसच्या सान्सों या जल्लाद घराण्याकडून गिलोटिनचं पातं आणलं आणि मारी आंत्वानेतचा गळा याच पात्याने कापला म्हणून मांडलं. मारला कोण गेला, त्याला मुलंबाळं होती का, हे बघायला सहा पेन्स कोण देणार? खुनी लक्षात राहतो, मेलेला राहत नाही.

तरी मेण आणि प्रेत यांत मी फरक करतो. मेणाच्या पुतळ्याच्या मागे कुणाची तरी गोष्ट असते, देह नसतो. गोष्ट चुकीची असेल तर पाटी बदलता येते, पुतळा वितळवता येतो. १९२५ च्या आगीत बरेचसे वितळलेही होते, साच्यांवरून पुन्हा ओतले. सी क्वेला पुन्हा कुठून ओतणार? माझ्यापुरती रेघ इथे आहे. खऱ्या देहाला डॉक्टरांच्या शिक्षणासाठी बरणीत ठेवायचं असेल तर ठेवा, नावानिशी 'नरभक्षक' म्हणून उभं करू नका.

जुनी_वही

एक दुरुस्ती, उंबरठा. मूळ धाग्यात तुम्ही 'ती सांगते' असं लिहिलंयत ते योग्यच, पण खालच्या प्रतिसादांत कुणी ते खरं धरून चालू नये म्हणून लिहितो. तुटलेली मस्तकं तिच्यापुढे आणली गेली याला तिच्या स्वतःच्या सांगण्यापलीकडे भक्कम आधार नाही, इतिहासकार त्याकडे संशयानेच बघतात. बाई कसलेली धंदेवाली होती. 'हे मी मांडीवर घेऊन केलं' म्हटल्यावर मेणाचा भाव वाढतो.

कंदील_विझवा

धागा छान चाललाय, पण मला वेगळंच खुपतंय.

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांबरोबर खेड्यांत फिरलोय. तिथे भूत हा करमणुकीचा विषय नाही. घरातली सून आजारी पडली की "लागिर झालंय" म्हणून मिरचीची धुरी देतात, मारतात, भगताकडे नेतात. आपल्याकडे २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला तो काही हौस म्हणून नाही. जिथे माणसं भुताला खरोखर भितात तिथे भूतबंगला चालत नाही. भीतीची मजा ही ज्याचा भुतावर विश्वास उरलेला नाही त्याची चैन आहे.

डिचोलीचो

कंदील_विझवा, तुमच्या कामाबद्दल आदर ठेवून सांगतो, शेवटचं वाक्य मला पटलं नाही.

आमच्या डिचोली तालुक्यात साळ गाव आहे. होळीनंतर तीन रात्री गड्यांची जत्रा असते. गडे म्हणजे गावातलेच पुरुष, त्या रात्री अंगात अवसर घेऊन अंधारात रानात धावतात, देवचाराच्या, म्हणजे रानातल्या भुताच्या, मागे. लांब डोंगरावर चूड पेटलेली दिसते, ती देवचाराची असं मानतात. एखादा गडा रानात नाहीसा होतो, मग बाकीचे त्याला शोधून आणतात. हजारो लोक रात्रभर जागून हे बघायला येतात, महाराष्ट्रातूनही. त्यातल्या बहुतेकांचा देवचारावर पक्का विश्वास आहे. त्यांच्यासाठी तो राखणदार आहे, चुकलेल्याला वाट दाखवणारा. आणि तरीही चूड दिसली की जो हुंकार उठतो त्यात भीती आहे, आनंद आहे, शेजारच्याचा हात दाबणं आहे, शेंगदाणे-चहाही आहे. विश्वास ठेवूनही मजा येते. देवचार आपला आहे याची खात्री असली म्हणजे झालं.

एकट्या बाईला कोंडून धुरी देणं ही भीती वेगळी. तिथे एकावर सगळे असतात. जत्रेत सगळे एका बाजूला आणि काळोख दुसऱ्या बाजूला.

कंदील_विझवा

शेवटच्या दोन वाक्यांवर विचार करतो. चूड कोण पेटवतो हे मात्र मी विचारणारच :)

डिचोलीचो

विचारा. साळच्या लोकांना ही सवय आहे.

ताकभात

एक व्यावहारिक प्रश्न. मुलगी आठ वर्षांची, मेमध्ये लंडनला जातोय. न्यावं का तिला या चेंबरमध्ये?

उंबरठा

मी नेणार नाही. माझा भाचा चौदाचा होता आणि त्यालाही जड गेलं. २०१६ मध्ये दालन बंद झालं त्यामागे लहान मुलं घेऊन येणाऱ्या घरांच्या तक्रारी होत्या असं तेव्हा छापून आलं होतं. बाकीचं संग्रहालय बघा. तिथे तिच्या ओळखीचे पुतळे भरपूर आहेत, हे दालन टाळून पुढे जा.

सुरंगी

नेऊ नका, पण घाबरूही देऊ नका असं मात्र नाही हं. रात्री दिवे घालवून तुम्हीच एक गोष्ट सांगा. ती "अजून एक" म्हणाली तर पुढची, पांघरुणात शिरली तर तिथेच थांबा. डॉक्टरांचा उलटा यू मांडीवर बसलेला असतो, मोजायला यंत्र लागत नाही.

ताकभात

हे जमेल. धन्यवाद दोघांनाही.

सेंडागीकर

उशिरा आलो, तोक्योत राहतो. कुणी ऑगस्टमध्ये इकडे येणार असेल तर एक जागा सुचवतो, कारण वरच्या सगळ्या भांडणात बसत नाही अशी आहे.

जपानात भुताच्या गोष्टी उन्हाळ्यात सांगायची रीत आहे. शहारा आला की उकाडा कमी वाटतो असं म्हणतात, भुताटकीची घरंही उन्हाळ्यातच जोरात चालतात. यानाका भागात झेनशोआन नावाचं झेन मंदिर आहे. सान्युतेई एन्चो नावाचे एकोणिसाव्या शतकातले नामांकित कथाकथनकार होऊन गेले, भुताच्या कथांसाठी प्रसिद्ध. त्यांनी जमवलेली भुतांची चित्रं, रेशमावर-कागदावर रंगवलेल्या उभ्या गुंडाळ्या, या मंदिरात आहेत, पन्नासेक. एन्चो ११ ऑगस्ट १९०० ला वारले, त्यांची समाधीही तिथेच. दर वर्षी ऑगस्ट महिन्यात ही चित्रं बघायला मांडतात.

यातल्या बऱ्याच भुतांना पाय नाहीत, खाली नुसती रेघ विरत जाते. किंचाळ्या नाहीत, अंगावर येणारं कुणी नाही. एक बाई उभी आहे, केस सुटलेले, आणि ती तुमच्याकडे बघतही नाही. मला लंडनचं चेंबर आणि हे दोन्ही बघायला मिळालं. चेंबरमध्ये दचकलो, तिथेच विसरलो. इथे दचकायला काही नव्हतं आणि रात्री पाणी प्यायला उठताना दिवा लावला. डॉक्टरांच्या आलेखात हे कुठे बसतं, बघा.

डॉ_अडुळसा

बसत नाही. त्या लोकांनी ठोके आत असताना मोजले, घरी गेल्यावर रात्री कुणी मोजले नाहीत.

भटका_मंग्या

सेंडागीकर, ऑगस्टमध्ये माझं ओसाकाला काम आहे, तोक्योला दोन दिवस काढेन म्हणतो. जायचं कसं? मंदिर म्हणजे आत जाताना काही विधी वगैरे?

सेंडागीकर

चियोदा लाइनने सेंडागी स्टेशन, तिथून चालत काही मिनिटं. दारात तिकीट घ्यायचं, बाकी विधी नाही. सकाळीच जा, दुपारी उकाडा जीव काढतो आणि खोली लहान आहे. आणि गुंडाळ्या बघून झाल्या की मागे एन्चोंच्या समाधीपाशी जाऊन या, तिकडे बहुतेक लोक वळतच नाहीत.